रेषेजवळची जागा

नॉर्थ कॅरोलायना राज्यातली चॅपल हिल आणि डरम ही गावे एकमेकांच्या शेजारी आहेत. १५-५०१ क्रमांकाच्या रस्त्याने निघाले की दहा मैलांत, सिग्नल धरून वीस-पंचवीस मिनिटांत, एका विद्यापीठातून दुसऱ्यात पोचता येते. चॅपल हिलचे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना सरकारी. सनद १७८९ ची. त्याचा रंग फिका आकाशी, आणि गावाने तो इतका आपला मानला आहे की अग्निशामक दलाचे बंबसुद्धा लाल नाहीत, आकाशी आहेत. डरमचे ड्यूक खासगी. तंबाखूच्या धंद्यात अमाप पैसा मिळवलेल्या जेम्स ड्यूक यांनी १९२४ मध्ये ट्रिनिटी कॉलेजला मोठी देणगी दिली आणि कॉलेजचे ड्यूक विद्यापीठ झाले. त्यांचा निळा गडद. या दोन निळ्यांमधला पहिला बास्केटबॉल सामना २४ जानेवारी १९२० रोजी झाला. आज इथली माणसे हिवाळ्यातले बाकीचे सगळे बेत दोन तारखा सोडून आखतात. एक सामना आपल्याकडे, एक त्यांच्याकडे.

मी कॅरोलायनाचा. इथेच शिकलो, इथेच नोकरीला लागलो. रॅली, डरम आणि चॅपल हिल यांच्या मधोमध १९५९ मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क उभे राहिले. पुढे औषध आणि संगणक कंपन्या आल्या, त्यांच्यामागून आपली माणसे आली, आणि केरी-मॉरिसव्हिल भागात मराठी घरांची चांगली वस्ती झाली. त्यामुळे ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या शाळेच्या फाटकाशी दोन्ही बाजूंची माणसे रोज भेटतात. लांबच्या गावाशी असलेले वैर मोसमापुरते असते. आमचे वैर सोमवारी सकाळी लिफ्टमध्ये शेजारी उभे राहते आणि विचारते, "काय, बघितलास का शनिवारी?"

बास्केटबॉल मात्र मी सोबत घेऊनच आलो होतो. माझे लहानपण भायखळ्याचे. जवळच नागपाडा. तिथे अमेरिकन मराठी मिशनने १९२७ मध्ये सुरू केलेले नेबरहुड हाउस आणि मस्तान तलावाजवळचे वायएमसीए. संध्याकाळी कोर्टवर खेळ रंगला की बघे अगदी रेषेवर उभे राहात. चेंडू बाहेर गेला की बघ्यानेच तो परत फेकायचा. खेळाडूंची धाप ऐकू यायची, बुटांचा करकराट ऐकू यायचा, कोण कुणाला काय बोलला तेही कळायचे. हा खेळ असाच बघायचा असतो ही माझी समजूत तिथे झाली आणि ती आजही कायम आहे. जेम्स नाइस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या एका व्यायामशाळेत हा खेळ बसवला तो बाहेर थंडी होती म्हणून, आत मुलांना दमवायला. फरशी ९४ फूट लांब, ५० फूट रुंद. त्यावर दहा माणसे. त्याचे बळ त्याच्या लहान जागेत आहे. बघणारा रेषेपासून जितका लांब जातो तितका खेळ पातळ होतो.

* * *

इथल्या भक्तीचे मूळ एका माणसात आहे. डीन स्मिथ १९६१ मध्ये कॅरोलायनाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि १९९७ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावावर ८७९ विजय होते. राष्ट्रीय विजेतेपदे दोन, १९८२ आणि १९९३. पहिल्या विजेतेपदाच्या अंतिम सामन्यातली निर्णायक बास्केट पहिल्या वर्षाला असलेल्या एका मुलाने टाकली, त्याचे नाव मायकल जॉर्डन. पण चॅपल हिलमध्ये स्मिथ यांच्याबद्दल बोलताना माणसे या आकड्यांपासून सुरुवात करत नाहीत. ती सांगतात की बास्केट टाकणाऱ्याने आधी पास देणाऱ्याकडे बोट दाखवावे ही शिस्त त्यांनी लावली. ती सांगतात की गावातल्या ज्या हॉटेलात कृष्णवर्णीयांना वाढत नसत, तिथे ते आपल्या चर्चचे पाळक आणि एक कृष्णवर्णीय विद्यार्थी यांच्याबरोबर जेवायला जाऊन बसले होते. आणि चार्ली स्कॉटची गोष्ट सांगतात. स्कॉट हा कॅरोलायनाने शिष्यवृत्ती देऊन घेतलेला पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू. आज अवघ्या गावात कृष्णवर्णीय खेळाडूंचे नंबर पाठीवर मिरवणारी गोरी मुले दिसतात. या बदलाची सुरुवात १९६० च्या दशकात त्या एका निर्णयाने झाली.

स्मिथ फेब्रुवारी २०१५ मध्ये गेले. काही आठवड्यांनी त्यांच्या जुन्या खेळाडूंना टपालाने एकेक चेक आला, प्रत्येकी २०० डॉलरचा. मृत्युपत्रातच लिहून ठेवले होते की माझ्याकडून बाहेर कुठेतरी छान जेवा. हे चेक सुमारे १८० जणांना गेले. त्यात नावाजलेले होते तसे चार वर्षे बाकावर बसून काढलेलेही होते, आणि रक्कम सगळ्यांना सारखी होती.

त्या मृत्यूनंतर दोन्ही संघ पहिल्यांदा समोरासमोर आले ते १८ फेब्रुवारी २०१५ ला, डरममध्ये, शत्रूच्या घरी. सामन्याआधी ड्यूकचे आणि कॅरोलायनाचे खेळाडू आणि प्रशिक्षक कोर्टच्या मध्यावर एकाच वर्तुळात गुडघे टेकून, एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून बसले. ज्या गर्दीने वर्षानुवर्षे स्मिथ यांची हुर्यो उडवली, तीच गर्दी त्यांच्यासाठी गप्प उभी होती. मग सामना झाला आणि जादा वेळेत ड्यूकने तो ९२-९० असा जिंकला. मला त्या पराभवाचे दुःख झाले आणि अजूनही होते. पण ड्यूकच्या प्रेक्षकांबद्दल मनात जो आदर बसला तोही त्या रात्रीचाच.

* * *

या दहा मैलांतला सर्वांत मोलाचा सामना मात्र दोघांपैकी एकाच्याही अधिकृत इतिहासात नाही. डरममध्येच तेव्हा नॉर्थ कॅरोलायना कॉलेज फॉर नीग्रोज नावाचे कॉलेज होते. आजचे नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ. त्यांचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. कॅन्ससमध्ये शिकत असताना खुद्द नाइस्मिथ त्यांचे गुरू होते, पण कातडीच्या रंगामुळे विद्यापीठाच्या संघातून खेळायची त्यांना मुभा नव्हती. त्यांनी आपल्या मुलांना धावणारा, दम काढणारा वेगवान खेळ शिकवला. त्याच वेळी ड्यूकच्या वैद्यकीय महाविद्यालयात लष्करी प्रशिक्षणासाठी आलेल्या गोऱ्या खेळाडूंचा एक तगडा संघ होता. दोन्हीकडच्यांना वाटे, गावात आपणच भारी. आणि कायदा म्हणे, गोरे आणि काळे एकत्र खेळणार नाहीत.

१२ मार्च १९४४, रविवार. सकाळी सगळे गाव चर्चमध्ये असताना ड्यूकची मुले उसन्या मोटारींतून आडवाटेने निघाली, अंगावरची जॅकेटे डोक्यावर ओढून मॅक्लेंडन यांच्या व्यायामशाळेत शिरली आणि आतून दार लावून घेतले गेले. प्रेक्षक नाहीत. पंच होता, घड्याळ लावणारा होता. पहिल्यांदा दोन्ही बाजूंचे हात थरथरत होते, पास चुकत होते; मग मॅक्लेंडन यांच्या मुलांना लय सापडली. निकाल ८८-४४. सामना संपल्यावर कुणालाच घरी जावेसे वाटेना, तेव्हा खेळाडू आपापसात मिसळले, नव्याने गडी वाटून घेतले आणि पुन्हा खेळले. कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकातल्या एका वार्ताहराला हे ठाऊक होते, पण त्याने ते छापले नाही. छापले असते तर कुणाच्या तरी जिवावर बेतले असते. इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी १९९६ मध्ये ही हकीकत उजेडात आणली, सामन्याला बावन्न वर्षे झाल्यावर.

त्या हकिकतीतला एक तपशील मला सोडवत नाही. कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांना सुगावा लागला होता आणि ते व्यायामशाळेच्या खिडक्यांना लोंबकळून आत बघत होते. या दहा मैलांतले सर्वांत भाग्यवान प्रेक्षक मी त्यांना मानतो.

* * *

ड्यूकचे क्रीडागृह म्हणजे कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम. जानेवारी १९४० मध्ये उघडले. बाहेरून ते दगडी ग्रंथालयासारखे दिसते आणि आत माणसे मावतात ९,३१४. ज्युलियन एबेली या कृष्णवर्णीय वास्तुरचनाकाराने ड्यूकच्या परिसराचे आणि या वास्तूचे आराखडे केले, आणि त्या ड्यूकने कृष्णवर्णीय मुलांना पदवीच्या वर्गात पहिला प्रवेश दिला १९६३ मध्ये. कॅमेरॉनमध्ये कोर्टच्या एका लांब बाजूला, संघांच्या बाकांसमोर, सगळे विद्यार्थी. खुर्च्या नाहीत, लाकडी फळ्या. आणि त्यावरही कुणी बसत नाही. पहिल्या रांगेतल्या मुलांचे बूट जवळजवळ रेषेवर असतात. चेंडू आत टाकायला आलेल्या पाहुण्या खेळाडूच्या मानेजवळ पन्नास निळ्या हातांची बोटे वळवळत असतात.

ही जागा पैशाने मिळत नाही. विद्यार्थ्यांना तिकीट फुकट असते, पण कॅरोलायनाच्या सामन्यासाठी ते तंबूत राहून मिळवावे लागते. क्रीडागृहासमोरच्या हिरवळीवर दर हिवाळ्यात तंबूंचे गाव वसते. १९८० पासून २०२२ पर्यंत ड्यूकचे प्रशिक्षक असलेल्या माइक शशेफ्स्की यांच्या नावाने ते ओळखले जाते. तिथे १९८६ मध्ये पहिले तंबू पडले आणि पुढे त्याची घटनाच झाली.

आमच्या शेजारच्या घरातली मुलगी ड्यूकला शिकते. लहानपणी आमच्या दिवाणखान्यात आकाशी टोपी घालून सामने बघणारी ही पोर गडद निळ्यात गेली तेव्हा तिच्या आईपेक्षा मला जास्त लागले होते. २०२४ च्या फेब्रुवारीत ती तंबूत राहात होती. तिची आई डब्यात पोहे आणि थर्मासात चहा घेऊन निघाली, तिच्यासोबत मीही गेलो.

चिखलावर लाकडी पाट टाकलेले, त्यावर ताडपत्री, त्यावर तंबू. एका तंबूला बारा जण. जानेवारीत सर्वांत आधी येणारे ते काळे तंबू, त्यांचे नियम सर्वांत कडक. मग निळे, मग पांढरे. काळ्या तंबूत दिवसाही कुणीतरी हजर पाहिजे, रात्री बहुतेक सगळे. रांगेवर देखरेख करणारी मुले अवेळी भोंगा वाजवून हजेरी घेतात.

"काका, आधी टेस्ट असते," ती सांगत होती. "ड्यूकच्या हिस्टरीवर, प्लेयर्सवर. काळ्या तंबूसाठी एवढे ग्रुप येतात की टेस्ट घेऊनच निवडतात."

"आणि अभ्यास कधी करता?"

"इथेच. वायफाय आहे ना. परवा माझी मिडटर्म होती, रात्री दोनला हजेरी झाली, सकाळी पेपर दिला."

"आजारी पडशील," तिची आई म्हणाली.

"आई, पहिल्या रांगेत उभी राहणार आहे मी. पहिल्या."

तिच्या बाजूच्या तंबूतल्या मुलांनी पोह्यांवर ताव मारला आणि माझ्या आकाशी मफलरकडे पाहून हुर्यो केली. मी तो काढला नाही. पण परतताना मनात एकच हिशेब चालू होता. कॅमेरॉनच्या खालच्या भागात मावतात सुमारे बाराशे विद्यार्थी. त्यांतल्या प्रत्येकाने आपल्या जागेची किंमत झोपेत मोजलेली असते. म्हणून तिथला आवाज तसा असतो.

* * *

आता आमचे घर. स्मिथ यांच्या नावाने बांधलेले डीन स्मिथ सेंटर, सगळ्यांच्या तोंडी डीन डोम. १८ जानेवारी १९८६ रोजी ते उघडले आणि त्या पहिल्याच सामन्यात कॅरोलायनाने ड्यूकला ९५-९२ असे हरवले. जागा २१,७५०, कॅमेरॉनच्या दुपटीहून जास्त. छताला जॉर्डनसारख्या खेळाडूंचे नंबर टांगलेले. आत शिरताच माझ्या अंगावर काटा येतो, दर वेळी.

३ फेब्रुवारी २०२४, शनिवार, संध्याकाळी साडेसहा. कॅरोलायना देशात तिसऱ्या क्रमांकावर, ड्यूक सातव्या. माझी जागा वरच्या मजल्यावर, कोपऱ्याकडे. शेजारी एक निवृत्त शिक्षिका होत्या. १९७४ च्या २ मार्चला त्या विद्यार्थिनी म्हणून जुन्या कार्मायकल सभागृहात होत्या, जिथे कॅरोलायनाने शेवटच्या १७ सेकंदांत ८ गुणांची पिछाडी भरून काढली होती. तीन गुणांची फेक तेव्हा नियमात नव्हती. वॉल्टर डेव्हिसने लांबून मारलेला चेंडू फळ्याला लागून आत गेला, बरोबरी झाली आणि जादा वेळेत कॅरोलायना ९६-९२ जिंकली. बाई ते हातवारे करून सांगत होत्या. "डेव्हिस इथे होता आणि मी तिथे," असे म्हणत त्यांनी आमच्या दोन रांगांमधले अंतर दाखवले.

सामना सुरू झाला. आर्मांडो बेकॉट, कॅरोलायनाचा उंचापुरा सेंटर, पाचव्या वर्षाचा विद्यार्थी. एप्रिल २०२२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला, राष्ट्रीय स्पर्धेतल्या दोन्ही संघांच्या पहिल्याच भेटीत, शशेफ्स्की यांच्या कारकिर्दीतला शेवटचा सामना ८१-७७ असा जिंकणाऱ्या संघात तो होता. त्या विजयाची सर कशालाच येणार नाही. त्याआधी महिनाभर, कॅमेरॉनमधल्या त्यांच्या निरोपाच्या सामन्यात, ड्यूकचे शंभराच्या आसपास माजी खेळाडू पाहायला जमलेले असताना, आमच्या मुलांनी ९४-८१ असा रंगाचा बेरंग केला होता. बेकॉट त्या वेळचा दुवा. त्याच्या जोडीला हॅरिसन इंग्रॅम, जो त्याच मोसमात स्टॅनफर्ड सोडून इथे आला. इंग्रॅम कोपऱ्यातून तीन गुणांची फेक घाली आणि परतताना जणू जन्मापासून कॅरोलायनाचाच असल्यासारखा ओरडे. ड्यूकचा सात फुटी काइल फिलिपोव्स्की आत घुसून गुण काढी, की पुन्हा आमच्या पोटात गोळा.

बेकॉटचे २५ गुण आणि १० रिबाउंड, इंग्रॅमचे २१ आणि १३. निकाल ९३-८४. मी आणि त्या शिक्षिका एकमेकांचे हात धरून उभे होतो. गुणांमागे उठणारा कल्लोळ वर आमच्यापर्यंत यायचा आणि आम्ही त्यात आपला मिळवायचो. आणि तरीही खालच्या, रेषेलगतच्या रांगांमध्ये मला अधूनमधून माणसे शांतपणे खुर्चीला टेकून बसलेली दिसत होती.

याचे कारण इमारतीच्या जन्मात आहे. डीन डोम देणग्यांवर उभे राहिले आणि मोठी देणगी देणाऱ्यांना उत्तम जागांचे दीर्घकालीन हक्क मिळाले. विद्यार्थी विखुरले गेले, बरेचसे वर. १९९१ च्या डिसेंबरात फ्लॉरिडा स्टेटचा सॅम कॅसेल इथे येऊन जिंकला आणि म्हणाला की ही तर वाइन-चीजवाली मंडळी आहेत. तो टोमणा गावाला इतका लागला की पुढे एका रिंगमागे विद्यार्थ्यांना उभे राहायला पायऱ्या केल्या गेल्या. त्या पायऱ्यांवरची मुले शनिवारी जीव तोडून ओरडत होती. पण त्या फक्त एका टोकाला आहेत, आणि ड्यूकच्या सामन्याची विद्यार्थ्यांची तिकिटे सोडतीत निघतात. नाव निघाले तर आत, नाहीतर होस्टेलच्या टीव्हीसमोर.

देणगीदारांवर माझा राग नाही. त्यांनी दिले म्हणून छप्पर उभे आहे, आणि त्यांतले अनेक जण तीस-चाळीस वर्षे निष्ठेने येत आहेत. पण २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली, विद्यापीठ बदलणेही सोपे झाले. हे त्यांच्या हक्काचे आहे. त्यांच्या घामावर इतरांनी फार वर्षे कमावले. त्याचा परिणाम असा की इंग्रॅम स्टॅनफर्डहून येतो, एक मोसम खेळतो आणि जातो. पूर्वी चार वर्षांत खेळाडू गावाचा व्हायचा. आता जर्सीतला माणूस दर हिवाळ्याला नवा. मग कॅरोलायना म्हणजे कोण, हे त्या नव्या मुलाला कोण सांगणार? रेषेवर उभी असलेली, त्याच्याच वर्गात बसणारी, त्याच्याच वयाची मुले सांगणार. डीन डोमची डागडुजी करावी की नवे क्रीडागृह बांधावे, यावर गावात चर्चा चालते. छत, लिफ्ट, पार्किंग, महागडे कक्ष यांबद्दल बरेच बोलले जाते. माझी मागणी एकच आहे: कोर्टची एक अख्खी लांब बाजू, खालपासून वरपर्यंत, विद्यार्थ्यांना द्या. ड्यूकने १९४० च्या इमारतीत निदान खालच्या भागापुरते हे करून दाखवले आहे.

सामना संपला आणि मुले फ्रँकलिन स्ट्रीटकडे धावली. ड्यूकला हरवले की रस्ता गाड्यांना बंद होतो आणि चौक माणसांनी भरतो, ही जुनी रीत. मी गर्दीच्या कडेने चालत होतो. एका मुलाने ओळखदेख नसताना मला मिठी मारली, पुढच्या मुलीने टाळी दिली. तिथे कुणाचीही जागा ठरलेली नव्हती.

* * *

परतीचा सामना ९ मार्चला, कॅमेरॉनमध्ये. शेजारच्यांच्या घरी टीव्हीसमोर आम्ही दोन कुटुंबे, मध्ये चिवड्याचा डबा. कॅमेरा विद्यार्थ्यांवरून फिरला की तिची आई उठून उभी राही: "ती बघा, ती बघा!" खरोखरच पहिल्या रांगेत, गाल गडद निळे, केसांतही रंग.

त्या रात्री कॅरोलायनाच्या कॉर्मॅक रायनने ३१ गुण काढले. नोत्र दामहून आलेला हा मुलगा त्या कोलाहलात फेकीमागून फेक घालत राहिला. ८४-७९. दोन्ही संघ ज्या गटात खेळतात त्या कॉन्फरन्सचे साखळी विजेतेपद कॅरोलायनाने एकट्याने पटकावले. ड्यूकने घरी कॅरोलायनाला हरवले की मुले परिसरातले लाकडी बाक पेटवून जल्लोष करतात. ते बाक त्या रात्री जागच्या जागी राहिले.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"काका, एकतीस? त्याला एकतीस का द्यायचे होते?"

"तू समोरच होतीस. अडवायचं होतंस."

"इतक्या जवळ होता ना, हात लांब केला असता तर लागला असता. मी ओरडले तर त्याने बघितलं माझ्याकडे. खरंच बघितलं. आणि मग घातला." ती खोकली, पाणी प्यायली. "पुढच्या वर्षी तुमच्याकडे आहे ना मॅच? मला न्याल?"

"नेईन की. वरच्या मजल्यावरची तिकिटं मिळतील."

"वर नको," ती म्हणाली. "वर बसून काय बघायचं?"